मनगटाला न कळणारी बैठक

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. त्यामुळे दौंड काय किंवा शेजारचा शिरूर तालुका काय, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना 5 किलोमीटर धावणं आणि 7.26 किलोचा गोळा या दोन्ही गोष्टी पाठ असतात. पहाटे रस्त्यावर धाव, संध्याकाळी जिम. हल्ली मनगटावर स्मार्टवॉचही असतं.

धावताना ते बऱ्यापैकी खरं बोलतं. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेत प्रकाश सोडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला परतणारा प्रकाश किंचित कमी होतो. हे चढउतार मोजले की नाडी कळते. पण बारबेल घट्ट धरला की मनगटाचे स्नायू ताठरतात, तिथला रक्तप्रवाह दबतो, पट्टा सरकतो आणि आकडा भरकटतो. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युतसंदेशच पकडतो, म्हणून तो जिममध्ये जास्त भरवशाचा. फिनलंडच्या पोलर कंपनीने असा बिनतारी पट्टा 1982 मध्येच बाजारात आणला होता.

घड्याळात त्वरणमापकही असतो. हात किती झटक्याने हलला एवढंच त्याला समजतं. बारवर 20 किलो आहेत की 60, ते नाही. खांद्यावर बार घेऊन बैठका मारताना मनगट बारला चिकटलेलं, प्लँकमध्ये तर सगळंच स्थिर. घाम निथळतोय आणि ॲपच्या लेखी पोरगं आराम करतंय! हाच मापक बारवर बसवून बारचा वेग मोजला, तर मात्र कामाचा. दमत गेलं की बार वर जाण्याचा वेग उतरतो. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की प्रशिक्षक सेट थांबवू शकतो.

नाडीचे मिनिटाला कमाल ठोके सांगणाऱ्या ‘220 वजा वय’ या सूत्राचंही तसंच. अठरा वर्षांच्या मुलाला ते कमाल 202 ठोके देतं, 2001 मध्ये मांडलेलं तनाका यांचं सूत्र सुमारे 195. दोन्ही सरासऱ्या, प्रत्यक्षातला मुलगा दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असू शकतो. त्यावरून ‘अजून जोर लाव’ म्हणणं धोक्याचं.

माझ्या मते गावच्या जिमसाठी सगळ्यात चांगलं साधन फुकट आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची पद्धत अशी: व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचं, ‘0 ते 10 मध्ये किती दमलास?’ आलेल्या गुणांना मिनिटांनी गुणायचं. साठ मिनिटं आणि 7 गुण, म्हणजे भार 420. आठवड्याचे आकडे वहीत मांडले की भार अचानक कुठे वाढला ते दिसतं.

तेव्हा प्रशिक्षकांनो, पोरांना महागडं घड्याळ घ्यायला लावण्याआधी महिनाभर ही वही ठेवून बघा.