अभ्यासक्रम नवा, सराव पाठ मात्र जुनाच

गडमुडशिंगी (ता. करवीर) - कोल्हापूर शहरालगतच्या गडमुडशिंगीसारख्या गावातील शाळेत बी.एड.चा छात्राध्यापक सराव पाठासाठी उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन परस्परविरोधी मागण्या असतात. मुलांना स्वतः ज्ञान रचू द्यावे, असे त्याचा अभ्यासक्रम सांगतो. तर घटक ठरलेल्या मुदतीत संपवावा, अशी शाळेची अपेक्षा असते. शिक्षक-शिक्षणातील नवे बदल नेमके येथेच अडतात.

बदलांची घोषणा मात्र वारंवार झाली. न्या. जे. एस. वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे नियम केले. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शालेय आंतरवासितेसाठी वीस आठवडे ठरवण्यात आले.

पहिला अडथळा शाळेचाच आहे. छात्राध्यापकाला मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाचे स्वतःचे तास सहसा कमी होत नाहीत. परिणामी आंतरवासिता अनेकदा गैरहजर शिक्षकाचा तास सांभाळण्यापुरती उरते.

दुसरा अडथळा महाविद्यालयातील सवयीचा. अनेक प्राध्यापक हर्बार्टच्या पंचपदीवर घडलेले आहेत. पाठ टाचणाचा साचा मोडला, तर गुण जाण्याची धास्ती छात्राध्यापकाला वाटते.

तिसरा अडथळा नोकरीचा. राज्यात २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आणि २०१७ पासून अभियोग्यता चाचणी सुरू झाली. दोन्हींत बहुपर्यायी प्रश्न असतात; प्रत्यक्ष अध्यापन त्यांत मोजले जात नाही. साहजिकच उमेदवाराचे लक्ष प्रयोगापेक्षा प्रश्नसंचाकडे जाते.

हे निदान नवे नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच प्रशिक्षण संस्था शाळांपासून तुटल्याचे नोंदवले होते. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांचा याच जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत मोठा वाटा होता. शाळा आणि गाव यांना जोडणारे शिक्षण त्यांनी तेथे जवळून अनुभवले होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु केवळ वर्षे वाढवून अध्यापन बदलत नाही. सराव शाळेतील शिक्षकाला त्यासाठी वेळ, प्रशिक्षण आणि मानधन मिळाले, तरच अभ्यासक्रमातील बदल फळ्यापर्यंत पोहोचेल. अन्यथा नवी पदवी घेतलेला शिक्षकही जुन्याच पद्धतीने शिकवत राहील आणि त्याची किंमत समोरच्या बाकावरील मुलांना मोजावी लागेल.