वर उकळी, तळाशी गाळ: जीवामृताच्या टाकीत हवा सोडताना

मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत असूनही उत्तन, डोंगरी, पाली या बाजूला भाजीपाल्याच्या वाड्या टिकून आहेत. वाडीत जागा कमी, माणसे त्याहून कमी. त्यामुळे जीवामृताचा ड्रम काठीने ढवळण्याऐवजी हवेचा पंप लावावा आणि एकाच ड्रमात घट्ट जीवामृत करून वापरताना पातळ करावे, असे तुमच्याही मनात येत असेल. पंपाचा विचार चांगला आहे. घट्ट करण्याचा विचार मात्र त्या पंपाचेच काम बिघडवतो.

ड्रमच्या मधोमध, दोन्ही टोके उघडी असलेला पीव्हीसी पाइप उभा धरा आणि त्याच्या खालच्या तोंडात हवेची नळी सोडा. पाइपमधली स्लरी बुडबुड्यांमुळे हलकी होते आणि वर चढते. बाहेरची जड स्लरी खाली उतरून तिची जागा घेते. असे चक्र सुरू राहते. हवा इथे ढवळते ती जोराने नव्हे, वजनातल्या फरकाने. औषधे आणि जिवाणू खते बनवणाऱ्या कारखान्यांतल्या एअरलिफ्ट टाक्याही याच तत्त्वावर चालतात.

आता घट्टपणाचे पाहू. नेहमीच्या प्रमाणात २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती असते. ताज्या शेणात सुका भाग साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे पूर्ण ड्रममध्ये शेणाचा सुका भाग जेमतेम एक टक्का. हे द्रावण जवळपास पाण्यासारखेच वाहते. गोबरगॅससाठी शेण आणि पाणी निम्मे-निम्मे कालवतो तेव्हा तोच भाग दहा टक्क्यांच्या आसपास जातो आणि स्लरी पिठल्यासारखी वागते: हलवली की सैल, थांबली की घट्ट.

अशा स्लरीत बारीक बुडबुडे एकमेकांना मिळून मोठे होतात आणि भसाभस वर निघून जातात. मोठ्या बुडबुड्यांचा एकूण पृष्ठभाग कमी, शिवाय ते द्रवात थांबतही नाहीत. म्हणून प्राणवायू कमी विरघळतो. पाइपजवळची स्लरी हलत राहून सैल होते, कडेची हलत नाही म्हणून घट्टच राहते. वरून पाहाल तर जोरदार उकळी दिसते. कडेला आणि तळाशी मात्र माल जागच्या जागी कुजतो, आणि दुसऱ्या दिवशी सडका वास येतो. बरेच जण अशा वेळी मोठा पंप आणतात. माझ्या मते तो खर्च वाया जातो. आधी पाणी वाढवा, चोथा गाळून काढा.

खात्री करायची सोपी रीत: मूठभर शेंगदाण्याची टरफले पृष्ठभागावर टाका. ती मधून कडेकडे सरकली पाहिजेत. कडेला साय धरून बसली असतील तर तिथे हालचाल नाही. मग काठीने तळाचा कोपरा चाचपा. गाळ लागला तर पाइपची उंची बदला.

११० मिलिमीटरच्या पाइपखाली साधारण ५ सेंटिमीटर फट ठेवा. हिशेबाने पाइपच्या व्यासाचा पाव भाग पुरतो, पण चोथा अडकतो म्हणून थोडी जास्त. पाइपचे वरचे तोंड स्लरीखाली तीन-चार बोटे बुडालेले असावे. पातळी त्याखाली गेली की चक्र मंदावते. बेसन आणि शेणामुळे फेस येतो, म्हणून ड्रमचा वरचा पाचवा भाग रिकामा ठेवा. पंप घेताना तो ८०-९० सेंटिमीटर खोलीवर हवा देतो का, हे दुकानातच विचारा. मत्स्यटाकीचे छोटे पंप इथे दमतात.

किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. मिठामुळे बुडबुडे बारीक राहतात, ढवळणी छान दिसते. तेवढ्यावरून ते पाणी वापरू नका, क्षार शेवटी वाफ्यातच जाणार.

एकाच २०० लिटर ड्रमसाठी काठी पुरते, पंपाची गरज नाही. हजार लिटरच्या टाकीपासून तो परवडू लागतो. पंप नेहमी स्लरीच्या पातळीपेक्षा वर बसवा, नाहीतर वीज गेल्यावर स्लरी नळीतून उलटी पंपात शिरते. आणि ही युक्ती गोबरगॅसच्या टाकीत कधीही करू नका: तिथले जिवाणू प्राणवायूने मरतात आणि हवा-मिथेनचे मिश्रण स्फोटक असते.