परभणीची पऱ्हाटी आणि जालन्याची सळई

कापसाची शेवटची वेचणी झाली की सेलू, मानवत, पाथरीच्या शिवारात पऱ्हाट्या उपटायचं काम निघतं. लांब दांड्याचा लोखंडी चिमटा बुडख्याला लावायचा आणि जोर देऊन झाड मुळासकट वर काढायचं. काळ्या जमिनीतली ओल हटली असेल तर हे काम अंग मोडून काढतं. थोड्या पऱ्हाट्या चुलीला जातात, बाकीच्या बांधावर रचून पेटवल्या जातात. उभ्या ठेवाव्यात, तर उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते आणि पुढच्या हंगामात पुन्हा उठते.

एकरी साधारण ८ ते १२ क्विंटल, लाकडासारखं टणक जळण असं धुरात जातं. आणि परभणीहून रेल्वेने सव्वाशे किलोमीटरच्या आत जालना आहे, सळईच्या कारखान्यांचं गाव.

जालन्यात भंगार आणि स्पंज आयर्न विजेवर वितळवतात. कोळशाचा मोठा खर्च त्याआधीच, स्पंज आयर्न बनताना झालेला असतो. फिरत्या भट्टीत हजारेक अंशांवर खनिज आणि दगडी कोळसा एकत्र तापतात. कोळशातला कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि न वितळताच लोखंड सुटं होतं. टनभर स्पंज आयर्नला टनभर किंवा त्याहून अधिक कोळसा लागतो. पोलाद मंत्रालयाच्या २०२४च्या आराखड्यानुसार आपल्याकडे टनभर कच्च्या पोलादामागे २.५४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी १.९१ आहे.

हा कार्बन खाणीतलाच हवा, असं लोखंडाला काही नसतं. इंग्लंडमध्ये १७०९ साली अब्राहम डार्बीने कोक वापरला, तोवर तिथे लोखंड लाकडी कोळशावरच निघे. कर्नाटकातल्या भद्रावतीची झोतभट्टी १९२३ साली लाकडी कोळशावरच पेटली होती. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या लागवडीवर अशा भट्ट्या आजही चालतात. पण कोळशासाठी जंगल तोडलं तर हिशेब उलटा पडतो. पऱ्हाटीचा कोळसा केला तर तसं नाही. तिने यंदा हवेतून घेतलेला कार्बनच हवेत परत जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात नवी पऱ्हाटी तो पुन्हा ओढते.

अडचणी खऱ्या आहेत. लाकडी कोळसा ठिसूळ असतो. उंच झोतभट्टीत खनिजाचा भार पेलून धरायला कोकच लागतो, म्हणून तिथे लाकडी कोळसा भुकटी करून वाऱ्याच्या झोताबरोबर आत फुंकावा लागतो. फिरत्या भट्टीत असा भार नसतो, पण पिकाच्या राखेतलं पोटॅश आतल्या विटांना त्रास देतं, त्यामुळे सुरुवात दगडी कोळशात पऱ्हाटीचा थोडा कोळसा मिसळूनच करावी लागेल. शिवाय लाकडाचा कोळसा करायच्या, मातीने लिंपलेल्या लोणारी भट्टीतून मिथेन सुटतो. बंद लोखंडी भट्टीत तोच वायू फिरवून जाळला, तर धूरही जातो आणि जळणही वाचतं.

माझ्या मते खरी गाठ वाहतुकीत आहे. सुट्या पऱ्हाट्यांनी ट्रक भरला तरी त्यात निम्म्याहून अधिक पोकळीच असते. कोळसा केला तर वजन पाव हिश्श्याच्या आसपास उरतं, म्हणजे चारेक एकरांचा मिळून टनभर. तेव्हा भट्टी गावातच हवी, आणि चिमटा धरणाऱ्याच्या मजुरीपासून दर ठरवायला हवा. आज पेटवायला काडीपेटी पुरते. उपटून, वाळवून, भट्टीपर्यंत न्यायचे पैसे मिळाल्याशिवाय कोण थांबेल?

सगळ्याच पऱ्हाट्या नेऊ नयेत. काही बारीक करून रानातच पसरल्या पाहिजेत, आपल्या जमिनींना सेंद्रिय कर्ब फार हवा आहे. भट्टीत न चालणारा कोळशाचा चुराही शेणखतात मुरवून वावरात घालता येतो.