कुत्र्याचं घर की कुत्र्यासारखं घर?

देवघर, स्वयंपाकघर, पाळणाघर. तिन्ही शब्दांत 'घर' आहे, पण त्याचं पहिल्या शब्दाशी नातं दर वेळी वेगळं. देवघरात देव असतात, स्वयंपाकघरात स्वयंपाक होतो, आणि पाळणाघरात मुलं सांभाळतात, मग तिथे पाळणा असो वा नसो! शाळेत समासाचा विग्रह करताना तुम्हाला घाम फुटला असेल. तोच विग्रह संगणकाकडून करून घेणं हे माझं पीएचडीचं काम, त्यामुळे मला तो घाम रोज फुटतो. म्हणून आज लोजबानबद्दल.

वाक्याच्या रचनेचे दोन अर्थ निघूच नयेत, या हट्टाने १९८७ पासून घडवलेली ही भाषा. सुमारे १३५० मूळ शब्द, तेही चिनी, हिंदी, इंग्रजी, रशियन, स्पॅनिश आणि अरबी शब्दांचे आवाज एकत्र करून बनवलेले. 'गेर्कू' म्हणजे कुत्रा, 'ज्दानी' म्हणजे घर. हे दोन नुसते शेजारी ठेवले तर अर्थ मोकळा राहतो: कुत्र्याचं घर, कुत्र्याच्या आकाराचं घर, काहीही. पण त्यांची छोटी रूपं जोडून 'गेर्ज्दा' केलं, की तो एक शब्द झाला आणि त्याला एकच अर्थ हवा. जोडणीचे नियम इतके काटेकोर आहेत की ते काम यंत्र बिनचूक करतं.

अर्थ मात्र यंत्राला ठरवता येत नाही. इथे लोजबानची एक युक्ती मला फार आवडते. प्रत्येक मूळ शब्दाला ठरलेल्या जागा असतात. ज्दानीला दोन: घर आणि त्यात राहणारा. गेर्कूलाही दोन: कुत्रा आणि त्याची जात. शब्द घडवणाऱ्याने सांगायचं, की ज्दानीतला 'राहणारा' आणि गेर्कूतला 'कुत्रा' एकच. झाला विग्रह! अर्थात ही पद्धत मार्गदर्शक आहे, सक्तीची नाही. शेवटी बोलणाऱ्यांना शब्द पटावा लागतो. त्यांच्या कोशात तर व्याख्यांवर मतंही देता येतात.

आणि कधीकधी पटलेला शब्दही बदलतो. दुसऱ्या भाषेतून आलेल्या शब्दाला लोजबानमध्ये आधी 'लेहाव्ला' म्हणत, म्हणजे 'घेतलेला शब्द'. पण त्यातला 'लेब्ना' मालकाकडून वस्तू घेण्याबद्दल बोलतो, आणि शब्द घेतला तरी मूळ भाषेकडे तो राहतोच की. आता रूढ आहे 'फुहिव्ला': 'नक्कल केलेला शब्द'. (आपण 'उसना शब्द' म्हणतो. परत कोण करतंय?)

जागांची ही युक्ती मी माझ्या मराठी यादीवर लावून पाहतेय. देवघर, स्वयंपाकघर पटकन बसले. पाळणाघराचा रकाना अजून रिकामा आहे. त्यातल्या पाळण्याला कुठे बसवाल, सुचलं तर जरूर कळवा.