प्रशिक्षक बदलतो, वस्तीतला मुलगा गळतो

खेळात जातपात नसते, मैदानावर सगळे सारखे, असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. चेंडू पायात असताना कुणी आडनाव विचारत नाही, हे बऱ्याच अंशी खरेही आहे. पण अकरा जणांची यादी मैदानावर तयार होत नाही. ती मैदानाबाहेर होते. ही यादी करणारा प्रशिक्षक कोणता ठेवायचा आणि कोणता घालवायचा, हेही मैदानाबाहेरच ठरते. आज आम्ही या मैदानाबाहेरच्या खेळाविषयी लिहिणार आहोत, कारण त्या खेळात आपली माणसे दिसत नाहीत.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतील मुलगा आमच्या परिचयाचा आहे. वय तेरा. शाळेच्या स्पर्धेत एका क्लबच्या प्रशिक्षकाने त्याला पाहिले आणि आपल्या क्लबात आणले. महिन्याची फी, बूट, गणवेश यांचे काय, असे आईने विचारले तेव्हा ‘ते माझ्यावर सोडा’ असे प्रशिक्षक म्हणाले. मुलगा दोन वर्षे जुन्या सायकलने रोज पहाटे मैदान गाठत राहिला. मग क्लबातील काही पालकांचे आणि प्रशिक्षकाचे बिनसले. आमच्या मुलाला आघाडीला का खेळवत नाही, आम्ही फी भरतो ती बाकावर बसवायला का, असा वाद होता. बैठका झाल्या, सह्यांचे पत्र गेले आणि प्रशिक्षक गेला. नवा प्रशिक्षक आला तेव्हा त्याच्या हाती थकबाकीदारांची यादी देण्यात आली. त्या यादीत आमच्या मुलाचे नाव होते. त्याला कुणी ‘येऊ नको’ म्हटले नाही. तो आपणहून यायचा थांबला.

त्याच्या आईला आम्ही विचारले, तुम्ही बैठकीला का गेला नाहीत? चार घरची धुणीभांडी करून आलेल्या त्या माउलीने सांगितले, “मले कोण बोलावते जी? त्यायचं सारं फोनवर ठरते. माह्या फोनवर ते येत नाही.” आणि मग म्हणाली, “फी माफ हाय म्हणून सरच बोलले होते. सर गेले, माफी गेली.”

या एका वाक्यात सगळा प्रश्न आहे. फीमाफी तोंडी होती. क्लबच्या वहीत तिची नोंद नव्हती, कार्यकारिणीचा ठराव नव्हता. एका भल्या माणसाच्या शब्दावर दोन वर्षे एका मुलाचा खेळ उभा होता. तो माणूस गेला आणि त्याच्या जाण्याची सर्वांत मोठी किंमत त्या वादात एक शब्दही न बोललेल्या घराने मोजली. ज्यांनी वाद केला त्यांची मुले आजही खेळत आहेत. नाही जमले तर ती दुसऱ्या क्लबात जातील, गाडीने जातील.

प्रशिक्षक असे वारंवार का बदलतात, हे समजून घेतले पाहिजे. मुलांच्या क्लबचा गाडा बहुतेक ठिकाणी पालकांच्या फीवर चालतो. बाहेरगावच्या स्पर्धेचा प्रवास, गणवेश, मैदानाचे भाडे यांसाठी दोन-चार सधन पालक जास्तीची रक्कम देतात. प्रशिक्षकाचे मानधन याच पैशातून निघते, तेही बहुधा लेखी कराराशिवाय. त्यामुळे ज्याच्या मुलाला बाकावर बसवायचे त्याच्याच खिशातून प्रशिक्षकाचा पगार येतो. महासंघाच्या परवान्यांच्या पायऱ्या, म्हणजे ‘डी’, ‘सी’, ‘बी’, ‘ए’, चढायला वेळ लागतो, पदरचे पैसे लागतात. इतके करून शिकलेल्या माणसाला एखादी खासगी शाळा नियमित पगार देऊ लागली की तो जातो. त्याला दोष देता येत नाही. काही वेळा तो जाताना अर्धा संघ सोबत नेतो, मग उरलेल्यांचा संघ मोडतो. नोंदणी जुन्या क्लबात, सराव नव्या क्लबात आणि ना-हरकत पत्रासाठी हेलपाटे, अशा कात्रीत मुले सापडतात. ज्याचा बाप कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू शकतो त्याचे पत्र मिळते. बाकीच्यांचा हंगाम वाया जातो.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा एक हंगाम वाया जाणे ही किरकोळ गोष्ट नाही. स्पर्धा वयोगटाच्या असतात. सुब्रोतो चषकासारख्या शालेय स्पर्धेचे वय एकदा निघून गेले की परत येत नाही. शाळेत नापास झालेला मुलगा पुन्हा परीक्षेला बसू शकतो. वयोगटाबाहेर गेलेल्याला पुन्हा संधी नाही.

संघ मैदानाबाहेर ठरतो हे आपल्याला नवीन नाही. चर्मकार समाजात जन्मलेले पालवणकर बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची कामे करत गोलंदाजी शिकले. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण त्यांच्यासोबत चहा घेणे नको होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत रीतसर मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना डावलले गेले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी माघार घेऊन निषेध केला, आणि अखेर १९२३ मध्ये पालवणकर विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले; तो राजकीय मतभेद आपल्या जागी. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की बाळूंचा प्रश्न गुणवत्तेचा कधीच नव्हता. बळींचा आकडा सगळ्यांसमोर होता. निवड करणाऱ्यांच्या खोलीत त्यांचे कुणी नव्हते.

त्या काळी अडवणूक उघड होती, जातीच्या नावाने होती. आज मुलांच्या क्लबात तसे कुणी बोलत नाही. आज अडवणूक फीच्या पावतीने होते, सह्यांच्या पत्राने होते, ज्या फोनवर बैठक ठरते त्या फोनने होते. ती करणाऱ्यांच्या मनात जात असेलच असे नाही. पण ज्यांच्यापर्यंत निरोप पोहोचत नाही त्यांची यादी काढली तर ती कोणत्या वस्त्यांची निघते, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

नागपूरला फुटबॉल उसना आणावा लागलेला नाही. कामठीचा रब्बानी क्लब, यंग मुस्लिम क्लब, राहुल क्लब ही नावे येथील फुटबॉलप्रेमींच्या तोंडी आहेत. हा खेळ इथे श्रमिकांच्या मोहल्ल्यांत वाढला. याच नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात मोडक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरे पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांची फुटबॉल स्पर्धा भरवली. त्या पहिल्या स्पर्धेला १२८ संघ आले. बादलीला लाथा मारणारी मुले शहरात किती होती, ते त्या आकड्यावरून दिसले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्लम सॉकर’ला २०१६ मध्ये ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ही कथा देशभर गेली. त्या चित्रपटातील जयंतीचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी चित्रपटगृहात उभे राहून पाहिला.

पण चित्रपटात जी गोष्ट डोळ्यांत भरत नाही, ती आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वस्तीतला खेळाडू पुढे वस्तीतलाच प्रशिक्षक होतो, ही या कामाची खरी मजबुती. अखिलेश पॉल हा नागपूरचा तरुण २०१० मध्ये रिओ येथील बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. नंतर तो मुलांना शिकवू लागला. असा प्रशिक्षक मुलाच्या घराचा पत्ता ओळखतो. मुलगा दोन दिवस आला नाही तर तो घरी जाऊन विचारतो. बाहेरून येणारा माणूस कितीही चांगला असला तरी त्याला दुसरीकडे जायचे असते. आपल्या वस्तीतला माणूस जायचा म्हटला तरी संध्याकाळी परत वस्तीतच येतो.

आता थोडे आपल्याकडे पाहू. दोष नेहमी समोरच्याचाच असतो असे म्हणणे सोपे असते. आपल्या समाजातही आता नोकरदार, अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर आहेत. त्यांची मुलेही याच क्लबांत आहेत. सह्यांचे पत्र फिरले तेव्हा त्यावर आपल्या कुणाची सही नव्हती का? आपल्या मुलाला मधल्या फळीत खेळवले म्हणून प्रशिक्षकाला फोनवर खडसावणारा आपला कुणी नव्हता का? आम्ही असे पालक पाहिले आहेत. बाहेर प्रतिनिधित्वावर तासभर बोलणारा माणूस क्लबच्या बैठकीत शेजारच्या वस्तीतल्या पोराच्या फीविषयी गप्प बसतो. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत व्यक्त केली होती, ती मैदानाच्या कडेलाही आठवावी.

आणि वस्त्यांतील आपले स्वतःचे क्लब? तिथेही एका नेत्याचा क्लब, दुसऱ्या नेत्याचा क्लब. निवडणूक आली की टी-शर्ट मिळतात, निवडणूक गेली की चेंडूत हवा भरायलाही पैसे नसतात. प्रशिक्षक एका गटाचा म्हणून दुसऱ्या गटाचे घर मुलाला पाठवत नाही. हेही पालकांचे राजकारणच आहे, फक्त त्याला गाडी नाही.

पालकांच्या दांडगाईचा त्रास जगभर आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ नावाची मोहीम काढली आणि मुलांच्या सामन्यात पालकांनी दोरीच्या मागे उभे राहावे अशी व्यवस्था आणली. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या क्रीडाहक्कांची सनदच केली असून त्यात मुलांना आपले मत मांडण्याचा हक्क दिला आहे. ‘फिफा’च्या नियमानुसार खेळाडूचे मोठ्या रकमेला आंतरराष्ट्रीय हस्तांतर झाले, तर त्या रकमेतील पाच टक्के वाटा वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. बारा वर्षांच्या पोराच्या नोंदीलाही जगात मोल आहे. आपल्याकडे मात्र मुलगा दोन वर्षे घाम गाळतो आणि कागदावर त्याची ओळख ‘थकबाकीदार’ एवढीच राहते.

पण दोरी बांधून आपला प्रश्न सुटणार नाही. तिथे पालक मैदानात घुसतात म्हणून दोरी लागली. आपला पालक मैदानापर्यंत पोहोचतच नाही. त्याला आणावे लागेल.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. त्यांना सरकारी योजना लागत नाही. पहिली, फीमाफी लेखी असावी. क्लबच्या ठरावात मुलाचे नाव आणि मुदत असावी, म्हणजे प्रशिक्षक बदलला तरी माफी बदलणार नाही. दुसरी, प्रशिक्षकाशी निदान एका हंगामाचा लेखी करार असावा आणि हंगामाच्या मध्ये त्याला काढायचे तर सगळ्या पालकांपुढे कारण सांगावे. तिसरी, संघनिवडीचे निकष हंगामाच्या सुरुवातीलाच मैदानावर लावावेत. सरावाची हजेरी किती मोजणार आणि खेळ कसा पाहणार, हे सगळ्यांना कळावे. चौथी, क्लबच्या समितीत फीमाफीवर खेळणाऱ्या मुलांच्या पालकांपैकी एक असलाच पाहिजे, आणि बैठक त्याचे काम सुटल्यावरच्या वेळेत, मैदानावरच घ्यावी. पाचवी, तक्रार सामना संपल्याबरोबर करू नये. एक रात्र जाऊ द्यावी, दुसऱ्या दिवशी समितीपुढे मांडावी.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. नागपुरात वस्तीवस्तीत बुद्धविहार आहे, जयंती समिती आहे. १४ एप्रिलला डीजेवर, मंडपावर खर्च होतो. त्यातील थोडा भाग बाजूला काढून विहार समितीने वस्तीतल्या एका तरुणाला प्रशिक्षकाच्या पहिल्या परवान्यासाठी पाठवावे आणि त्याचे वर्षभराचे मानधन उचलावे. अट एकच, समितीतील कुणाचा मुलगा कुठे खेळेल हे त्याला कुणी सांगायचे नाही.

१९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची मागणी केली. जिथे निर्णय होतात तिथे आपला माणूस हवा, हा तिचा अर्थ. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या, हजारो बाया खेड्यापाड्यांतून आल्या होत्या आणि व्यासपीठावरून ठराव मांडत होत्या. त्याच शहरात आज एक आई मुलाच्या क्लबच्या बैठकीविषयी विचारते, ‘मले कोण बोलावते?’ ही गोष्ट आपल्याला लागली पाहिजे.

तो मुलगा आता संध्याकाळी वस्तीतल्या मोकळ्या जागेत लहान पोरांसोबत खेळतो. चेंडू अजून त्याच्या पायाला चिकटून राहतो. त्याच्या वयोगटाचा आणखी एक हंगाम शिल्लक आहे. पुढच्या रविवारी त्या क्लबची बैठक आहे, असे कळते. त्याच्या आईसोबत आम्ही जाणार आहोत. आपल्या वस्तीतला एखादा मुलगा असा थांबला असेल तर वाचकांनीही जावे.

जयभीम.