थेंब कुठे, गळती कुठे

मंडळी, आजचा विषय अनुमानाचा आहे. न्यायशास्त्राच्या पुस्तकात यासाठी नेहमी डोंगरावरचा धूर असतो. उंद्रीत दारापुढच्या फरशीवर पडलेला काळा तेलाचा डाग जास्त ओळखीचा, म्हणून तोच घेऊ.

स्प्लेंडर आपल्याकडे घरोघरी. गाडी आली १९९४ साली, इंजिन ९७.२ सीसीचं, आत तेल लिटरभरसुद्धा नाही. तेल कमी झालं हे सांगणारा दिवा मीटरवर नसतो. थेंब थेंब गळत राहिलं तर कळतं कधी? इंजिन जाम झाल्यावर. मग बोअर, पिस्टन, रिंगा, आणि ऐन सोयाबीनच्या सोंगणीत घरातली एकुलती एक गाडी गॅरेजात.

डाग दिसला की माणूस काय करतो? वाकून खाली बघतो. तळाच्या ड्रेन बोल्टला थेंब लटकलेला दिसतो. हाच चोर, म्हणतो आणि पाना लावून आवळतो. थेंब येतच राहतो, म्हणून आणखी आवळतो. बोल्ट पोलादाचा, चेंबर ॲल्युमिनियमचं. आटे जातात ते चेंबरचे. नव्हती ती गळती आता खरीच सुरू होते.

त्यानं एक व्याप्ती धरली होती: जिथे थेंब, तिथे गळती. नैयायिक अशा वेळी विचारतो, यात उपाधी आहे का? धूर असेल तिथे अग्नी असतोच. पण अग्नी असेल तिथे धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. ही जी न सांगितलेली मधली अट, ती उपाधी. आपल्या थेंबाचीही अशी अट आहे: इंजिन स्वच्छ हवं आणि गाडी उभी हवी. धावत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो, उतार खाली ओढतो, चिकटलेली धूळ त्याला वाट करून देते. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा, हेड पुढच्या बाजूला. हेडवर टॅपेटची दोन झाकणं, एक वर, एक खाली. त्यांच्या रबरी रिंगा उष्णतेनं कडक होतात. तेल तिथून निघतं, पोटाखालून सरकतं आणि बोल्टला येऊन लटकतं. बिचारा बोल्ट निर्दोष!

म्हणून आधी उपाधी काढा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रॉकेल आणि ब्रशनं धुवा, कोरडं पुसा. गरम सायलेन्सरजवळ रॉकेल नेऊ नका, हे तत्त्वज्ञान नाही, साधी अक्कल आहे. मग संशयाच्या जागांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरा: टॅपेटची झाकणं, हेडचं पॅकिंग, उजवीकडे क्लच कव्हर आणि किकचा दांडा, डावीकडे गिअरचा दांडा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. पावडर सगळ्यात आधी आणि सगळ्यात वर जिथे काळी पडेल, तिथे उगम. खालचे डाग त्याची लेकरं. पुढच्या चक्राजवळचा चिकटा मात्र पुष्कळदा चेनवर ओतलेल्या तेलाचाच असतो, तो आधी वगळा.

दुरुस्ती त्यामानानं सोपी. झाकणाची रिंग बदला, दांड्याचं ऑइल सील बदला. पॅकिंग फाटलं असेल तर नवं टाका. वरून सिलिकॉन थापू नका, त्याचे तुकडे आत पडून तेलाची जाळी तुंबवतात. ड्रेन बोल्टचा वॉशरही दर खेपेला नवा घ्यावा.

प्रश्न आलाय, 'सर, नवं सील पंधरा दिवसांत पुन्हा गळलं, मिस्त्रीनं फसवलं का?' लगेच तसं म्हणू नका. सील गळणं हेही कार्य असू शकतं, कारण वेगळंच. पिस्टनच्या बाजूनं थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदरची नळी असते. ती चिखलानं बुजली किंवा दुमडली, की आतला दाब सगळ्यात कमजोर सीलमधून तेल बाहेर काढतो. तेल प्रमाणाबाहेर भरलं तरी त्रास होतो. या गाडीची पट्टी न आवळता, नुसती आत टेकवून तेल मोजायचं असतं, तेही सपाट जागी, गाडी सरळ उभी करून. नळी मोकळी, तेल बरोबर, तरीही गळतंय आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर मग रिंगा झिजल्यात. तेव्हा मिस्त्रीला सील मागू नका, हेड उघडायला सांगा.