बेसची पेटी मुकी झाली तर

जिंतूर तालुक्यातले बोरी घ्या, नाहीतर परभणी जिल्ह्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या. शाळेचे स्नेहसंमेलन असो की हरिनाम सप्ताह, एका कोपऱ्यात लाकडाची काळी पेटी मांडलेली दिसतेच. दुकानदार तिला सबवूफर म्हणतो, पोरे बेसची पेटी म्हणतात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडातून जो घुमारा निघतो, तेवढेच खर्जाचे आवाज काढणे हे तिचे काम. आणि ऐन कार्यक्रमात हीच पेटी मुकी होते. दिवा लागतो, पण आवाज नाही. किंवा नुसती घूंऽऽ अशी घरघर. मग कोणी म्हणतो, किट गेले, नवी पेटी घ्या. शाळेच्या तुटपुंज्या सादिल खर्चात नवी पेटी कुठून येणार?

पण पेटीत मुख्य वस्तू तीनच असतात: मोठा स्पीकर, ट्रान्सफॉर्मर आणि ॲम्प्लिफायरची पाटी. पहिल्या दोन महाग व टिकाऊ. मरते ती बहुधा तिसरी, आणि ती त्या मानाने स्वस्त. मात्र ती का मेली हे न पाहता नवी बसवली, तर तीही त्याच वाटेने जाते.

प्रथम प्लग काढा. आतले मोठे कंडेन्सर वीज साठवून ठेवतात, म्हणून पाच-दहा मिनिटे थांबा. ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या बाजूला २३० व्होल्ट असतात. चालू पेटीत तिथे बोट घालणे म्हणजे जिवाशी खेळ. विद्यार्थ्यांना दाखवायचे झाल्यास गुरुजींनी प्लग स्वतःच्या हातात ठेवावा.

मग फ्यूज पाहा. तो नुसता तुटला असेल तर एक वेळ ठीक. पण काच काळी पडली असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे तांब्याची जाड तार गुंडाळण्याची जी आपल्याकडे रीत पडली आहे, ती सोडा. त्याऐवजी सिरीज बोर्ड वापरा: ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब पेटीच्या वाटेत जोडायचा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर बरे. लख्ख जळत राहिला तर शॉर्ट आहेच.

आता स्पीकर. त्याच्या तारा सोडवून टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कागद टपकन हलला तर कॉइल शाबूत. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो. कागद बोटांनी हळूच दाबताना खरखर लागली, किंवा जळका वास आला, तर कॉइल भाजली समजा. कारण असे: ॲम्प्लिफायरची आयसी शॉर्ट झाली की १६ व्होल्टची सरळ वीज स्पीकरवर जाते. साडेतीन ओहममधून साडेचार अँपिअर! म्हणजे सत्तरएक वॅटची शेगडीच की.

घरघर चालू असेल तर फिल्टरच्या मोठ्या कंडेन्सरकडे पाहा. डोके फुगले किंवा बुडाशी पाझर दिसला, तर तेवढ्याच क्षमतेचा पण चढ्या व्होल्टचा, २५ ऐवजी ३५ चा, घाला. अधिक-उणे टोके उलटी झाली तर तो फुटतो, हे विसरू नका.

ट्रान्सफॉर्मरवर बहुधा १२-०-१२ असे लिहिलेले असते. १२ ला १.४ ने गुणले की १७ होतात. डायोडमध्ये एखादा व्होल्ट जातो, म्हणजे दोन्ही बाजूंना सोळाएक व्होल्ट मिळतात. अशा लहान पेट्यांत पुष्कळदा टीडीए २०३० ही पाच पायांची आयसी असते, आणि तिची कमाल सोसण्याची हद्द १८. लाइन २५३ पर्यंत चढली, पेटीचा आवाज कमी असला, की हद्द जवळ येते. त्यात डीपीचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी ४०० पर्यंत येऊ शकतात. मग कोण वाचणार! म्हणून तीच आयसी घालायची झाली तर नावापुढे ‘ए’ अक्षर असलेली घ्या. टीडीए २०३०ए ची हद्द २२ आहे, पाय तेच. न्यूट्रल तुटल्यावर तीही वाचत नाही, हे खरे.

पाटी जळून कोळसा झाली असेल तर सगळी बदला. दुकानात ‘हजार वॅट’ वगैरे छापलेले असते, त्याला भुलू नका. तुमचा ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्ट, २ अँपिअरचा असेल तर तो ४८ च्या वर देणार कुठून? व्होल्ट आणि स्पीकरचे ओहम सांगा, त्याला जुळेल तीच पाटी मागा. क्लास डीच्या छोट्या पाट्यांना पुष्कळदा एकेरी वीज लागते, आणि टीपीए ३११६ सारखी आयसी २६ व्होल्टच्या वर चालत नाही. तिला १२-०-१२ ची दोन्ही टोके ब्रिजमधून जोडली तर बत्तीस-तेहतीस व्होल्ट पोचतात, खेळ खलास. शिवाय पाटीवर खर्ज गाळून घेणारा भाग, म्हणजे लो-पास फिल्टर, आहे ना ते विचारा. नाहीतर बेसच्या पेटीतून कीर्तनकारच बोलायला लागायचे.

टीडीए २०३० ची धातूची पाठ उण्या विजेला जोडलेली असते. हीटसिंकवर बसवताना मधे अभ्रकाचा पातळ तुकडा व पांढरी पेस्ट हवी, आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशी.

स्पीकर लगेच जोडू नका. आधी सिरीज बल्बवर चालू करून स्पीकरच्या दोन टोकांवर सरळ वीज मोजा. ०.१ व्होल्टच्या आत असली तरच प्लग काढून स्पीकर जोडा. मग बल्ब काढून पेटी अर्धा तास मध्यम आवाजात वाजवा, पुन्हा प्लग काढा, आणि हीटसिंकला तळवा लावून पाहा. पाच-सात क्षण सोसवला तर झाकण लावायला हरकत नाही. झाकणाच्या कडेची फोमची पट्टी मात्र नीट बसवा. तिथून हवा सुटली की फुरफुर ऐकू येते.